अर्धा सूर खाली

सभागृहात दोनशे दहा खुर्च्या होत्या, नऊ पंखे, सहा उंच खिडक्या, एक व्यासपीठ आणि व्यासपीठावर एक पियानो. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या होत्या. त्यातल्या सत्त्याऐंशी वाजत होत्या, अगदी उजव्या टोकाची मुकी होती. झाकण उघडून मी तारा मोजल्या, त्या दोनशे सव्वीस भरल्या. माणसं चार होती, आणि त्यातली दोन भांडत होती.

"चढलाय," एस्तेरबाई म्हणाल्या. "काल चढलेला होता, आजही चढलेलाच आहे. रात्रभर केलंत काय तुम्ही?"

"रात्री मी झोपलो, मॅडम," मेल्विन म्हणाला. "पियानो मी दिवसा लावतो."

मेल्विन डिकास्टा पुण्याच्या कॅम्पातून खास पियानो सुरात लावायला आला होता. दोन दिवसांत त्यानं तो तीनदा लावला होता.

"आता चौथ्यांदा हात लावला ना, तर हा पियानोच उठून मला मारेल," तो माझ्याकडे वळून पुटपुटला.

एस्तेर शिरसाट म्हणजे व्हिएन्नात, प्रागमध्ये लोक तिकिटं काढून ऐकायला जात अशी पियानोवादक. नगरमध्ये मात्र त्या शांतवनमास्तरांची थोरली होत्या, एवढंच. एकोणिसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. त्यांचे धाकटे भाऊ दानिएलसर इथेच राहिले आणि मिशनच्या शाळेत आम्हाला गाणं शिकवत राहिले. मला त्यांनी पाचवीत सांगितलं होतं, "ऋजुता, तू फक्त ओठ हलव. आवाज बाकीच्या काढतील." तेव्हापासून मी गाण्याच्या वाटेला गेले नाही. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सभागृहांचे आवाज मोजायला लागले. म्हणूनच सरांनी मला बोलावलं होतं. शाळेचा वर्धापनदिन होता, आणि त्यात शेवटी बहीणभाऊ एका पियानोवर, चार हातांनी, एक रचना वाजवणार होते. बाई परदेशी गेल्यापासून दोघं एका बाकावर बसलेच नव्हते. बाई दर दोन-चार वर्षांनी यायच्या, विचारायच्या, आणि सर म्हणायचे, "तू कलाकार, ताई. मी मास्तर. लोक हसतील." या वेळी ते हो म्हणाले होते.

"हवा कोरडी आहे का बघ जरा," सर मला म्हणाले. "डिसेंबरात लाकूड आखडतं. ताईला काहीतरी खटकतंय."

मी हवेतली आर्द्रता मोजली. मग सुराची कंपनं मोजायचं माझं यंत्र पियानोशेजारी ठेवलं आणि मेल्विनला मधली पांढरी सहा दाबायला सांगितली. पेटी शिकलेले लोक सुरांना अशीच नावं देतात: पांढरी एक, काळी दोन, पांढरी सहा. शिरसाटांच्या घरात पियानोच्या पट्ट्यांनाही तीच नावं होती, कारण मास्तर पेट्या दुरुस्त करायचे आणि मुलं आधी पेटीवरच शिकली होती. हा पियानोही पूर्वी त्यांच्याच घरात होता.

"सेकंदाला चारशे चाळीस कंपनं," मी म्हणाले. "जगभर एवढीच असतात. पियानो बरोबर लागलाय."

"मग तुझं यंत्र चढलंय," बाई म्हणाल्या.

सर व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसले होते. तिथूनच, मागे वळूनही न बघता ते म्हणाले, "पांढरी सहाच आहे, ताई. स्वच्छ आहे."

बाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

दुपारी दोघं सरावाला बसले. ती रचना कुणाची हे त्यांच्या घरात कुणी विचारत नसे. तिला 'आईचं' म्हणायचे, कारण पोळ्या लाटताना आई ती पुन्हा पुन्हा वाजवायला लावायची. संथ होती. उजवीकडे बाई, डावीकडे सर. पहिल्या काही ओळी नीट गेल्या. मग बाईंचा उजवा हात शेजारच्या पट्टीवर घसरला. त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच घसरल्या. तिसऱ्यांदा त्याच्याही आधी.

"घाई कशाला, ताई," सर हळू आवाजात म्हणाले. "प्रवासाचा शीण असेल."

"दानी, मी थकलेली नाही."

"मी कुठं म्हणालो थकलीस?"

"मग इतकं गोड का बोलतोस? लहानपणी मी चुकले की कोपर मारायचास."

"तू चुकतच नव्हतीस. कोपर मी चुकलो की तू मारायचीस."

बाई हसल्या, पण हात पट्ट्यांवरून काढून त्यांनी मांडीवर ठेवले. शाळेची घंटा झाली आणि सर तासाला गेले. मेल्विन जेवायला गेला.

मी खिडकीशी माझं सामान आवरत होते. बाईंना वाटलं असावं की मीही गेले. त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि बंद झाकणाच्या लाकडावर तीच रचना वाजवायला लागल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटांचा फक्त टपटप आवाज. मला सूर कळत नाहीत, पण लय कळते. कुठेही अडखळल्या नाहीत.

आवाज नसला की बरोबर आणि आवाज आला की चूक, हे मला विचित्र वाटलं. मी पुढे गेले.

"बाई, एक विचारू? पियानो न वाजवता मला पांढरी सहा म्हणून दाखवाल? नुसती गुणगुणा."

त्यांनी डोळे मिटून एक सूर धरला. यंत्रावर आकडा आला: चारशे सोळा.

"आता पांढरी एक."

तोही सूर तेवढाच खाली आला. आणखी चार सूर घेतले. प्रत्येक बरोबर अर्धा सूर खाली. एखादं घड्याळ मागे पडतं, पण रोज तेवढंच मागे पडतं, तसं.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

मी आकडे सांगितले. "बाई, पियानो चढलेला नाही. तुम्हाला सगळंच अर्धा सूर वर ऐकू येतं."

"मला ठाऊक आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "मला आठ वर्षांपासून ठाऊक आहे."

बाहेर मैदानावर मुलं लेझीम खेळत होती. बाईंनी शाल सारखी केली.

"आम्हा दोघांना जन्मतःच सूर ओळखू यायचे. बाबा चमच्यानं पेला वाजवायचे आणि विचारायचे, कुठली? आम्ही ओरडायचो, काळी दोन! पांढरी चार! दुसऱ्या पोरांना रंग ओळखता येतात तसं. असे कान म्हातारपणी कधी कधी सरकतात म्हणे. तिकडचे डॉक्टर म्हणाले, आतलं यंत्र झिजतं, औषध नाही. ज्यांना सूर ओळखता येत नाहीत त्यांना पत्ताही लागत नाही. आम्हालाच लागतो."

"म्हणजे वाजवताना..."

"बोटं एक दाबतात, कान शेजारचं सांगतो. चाळीस वर्षं बोटांनी कानाचंच ऐकलंय गं. ती कानाकडे जातात. चार वर्षं झाली, मी कार्यक्रम करत नाही. सगळ्यांना सांगते, मनगट दुखतं." त्या झाकणावर हात फिरवत राहिल्या. "तुला समजा तुझी आई आणून दाखवली. चेहरा तोच, लुगडं तेच, आणि ती शेजारणीच्या आवाजात बोलायला लागली, तर?"

मी यंत्र बंद केलं.

"मला वाटलं, हा पियानो तरी तसाच असेल. यावर मी शिकले. वाटलं, इतर सगळे बदलले तरी हा मला त्याच आवाजात हाक मारील." त्या स्वतःशीच हसल्या. "बिचाऱ्या मेल्विनला उगाच बोलले."

माझ्या डोक्यात सरळ हिशेब आला. "बाई, मग पियानोच अर्धा सूर उतरवून घेऊ ना. तारा सैल करायच्या. तुम्हाला सगळं पूर्वीसारखं ऐकू येईल. लोकांना काही कळणार नाही. मलाही कळणार नाही."

"दानीला कळेल."

"सर समजून घेतील."

"समजण्याचा प्रश्नच नाही. त्याचा कान शाबूत आहे. पाठ करून बसला होता आणि सांगितलं ना, पांढरी सहाच आहे म्हणून? पियानो उतरवला तर मला जे होतं ते त्याला होईल. दाबेल एक, ऐकेल दुसरं. एका बाकावर दोघं, आणि पियानो एकाचाच." त्या उठल्या. "कान याचा बरोबर आणि पियानो माझ्या चुकीला जुळवायचा? आधीच एकदा मला शिष्यवृत्ती मिळाली आणि याला मिळाली नाही. तेव्हा एकच जागा होती. आता पुन्हा नाही. उद्या सांगेन, मनगट दुखतंय. आणि तू त्याला काही सांगायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

संध्याकाळी सरांच्या घरी चहा होता. सरांच्या पत्नी नाताळच्या करंज्या करण्यात गुंतल्या होत्या. मेल्विननं तीन खाल्ल्या आणि म्हणाला, या पियानोपेक्षा सुरात आहेत. बाई मनापासून हसल्या. त्या आता हलक्या झाल्यासारख्या दिसत होत्या, परीक्षाच रद्द झालेल्या मुलीसारख्या.

"उद्या सातला कार्यक्रम," सर म्हणाले. "सकाळी एकदा बसू या का, ताई?"

"बघू. मनगट जरा धरल्यासारखं झालंय."

"असं?"

"थंडीनं असेल."

सरांनी मान हलवली. मग टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा पेला पुढे ओढला आणि चहाच्या चमच्यानं त्याच्या काठावर एक टिचकी मारली. स्वच्छ, बारीक आवाज आला.

"ताई, कुठली?"

"काळी चार!" बाई म्हणाल्या. विचार न करता, सात वर्षांच्या मुलीनं ओरडावं तशा. म्हणून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा थिजला आणि त्यांनी भावाकडे पाहिलं.

सर पेल्यातलं पाणी बघत होते. "बरोबर," ते म्हणाले, आणि चहा ढवळायला लागले. त्यात साखर केव्हाच विरघळलेली होती.

बाईंनी श्वास सोडला आणि करंजी उचलली. माझं यंत्र पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. चमचा फिरवता फिरवता सरांच्या हाताचा वेग कमी होत गेला, तेवढ्यावरून मला कळलं की पेला काळी चार वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात गेले तर मेल्विन पियानोवर ओणवा झाला होता आणि कोकणीत काहीतरी बोलत होता. ते बोलणं चर्चमध्ये चाललं नसतं. शेजारी सर उभे होते.

"आलीस? यंत्र काढ," सर म्हणाले. "काल दुपारी तू तिच्याजवळ होतीस. ताईचा कान किती सरकलाय?"

"सर, मी शपथ..."

"ताई जे म्हणाली ते सांगू नकोस. आकडा सांग. आकड्याची शपथ घेतली होतीस का?"

"चारशे सोळा."

"ऐकलंस, मेल्विन? चारशे सोळा."

"सर, चाळीस वर्षं मी लोकांचे पियानो वर चढवतोय," मेल्विन म्हणाला. "खाली उतरवा म्हणणारा पहिला माणूस तुम्ही. दोन वेळा लावावा लागेल, नाहीतर रात्रीपर्यंत तारा परत सरकतील."

"दोनदा लाव. जेवण इथंच मागवतो."

"बिर्याणी?"

"बिर्याणी."

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, पण तुम्ही कसं वाजवणार? तुम्हाला प्रत्येक सूर..."

"मी शाळामास्तर आहे, ऋजुता. चुकीचे सूर ऐकत पगार घेतला मी. तुझेसुद्धा ऐकलेत." ते हसले नाहीत. पियानोकडे बघत म्हणाले, "ती गेली तेव्हा मी चौदाचा होतो. स्टेशनवर तिला सोडून आलो आणि याच बाकावर बसलो. तिची बाजू रिकामी ठेवून माझी डावी बाजू वाजवत राहिलो. महिनाभर रोज. आई आतून म्हणायची, दानी, अर्धं नको वाजवूस रे, जीव टांगणीला लागतो. मग सोडलं." बाकावर हात ठेवून म्हणाले, "तिला मी इतकी वर्षं नाही म्हणत आलो. लोक हसतील म्हणून नव्हे."

संध्याकाळी दोनशे दहाच्या दोनशे दहा खुर्च्या भरल्या. मुलांची गाणी झाली, बक्षिसं झाली. पडद्यामागे बाई मनगटाला पट्टी बांधून उभ्या होत्या.

"दानी, माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू एकटा काहीतरी वाजव."

"बरं. पण लोक तुला बघायला आलेत. नुसती येऊन बाकावर बस. नमस्कार कर आणि ऊठ."

त्या आल्या. टाळ्या झाल्या. बाकावर बसल्या, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्यांचं एक बोट खाली गेलं. मधली पांढरी सहा.

मी पहिल्या रांगेत होते. त्यांचं बोट पट्टीवर दाबलेलंच राहिलं, तारेचा आवाज पूर्ण विझेपर्यंत. मग त्यांनी शेजारची दाबली. मग तिच्या शेजारची. लोकांना वाटलं, पियानो तपासतायत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी फक्त रेल्वेच्या फलाटांवर पाहिलं होतं, गाडीच्या दारात आपलं माणूस दिसलं की होतं तसं. त्यांनी भावाकडे मान वळवली. सर समोरच्या स्वरलिपीच्या कागदाकडे बघत होते. बाईंनी मनगटाची पट्टी सोडली आणि बाकाखाली टाकली.

त्या दिवशी त्यांनी काय वाजवलं हे सांगायला मी लायक नाही. एवढं सांगते की मागच्या रांगेतल्या बायकांची कुजबूज थांबली आणि एका बाळाचं रडणं कधी थांबलं ते कळलं नाही. बाईंचे डोळे मिटलेले होते. सरांचे सताड उघडे. ते कागद आणि स्वतःची बोटं यांच्याशिवाय कुठेही बघत नव्हते. डिसेंबरच्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ओठ हलत होते, एकेका पट्टीचं नाव घेतल्यासारखे. शेवटी बाईंचा हात थांबतो आणि डावीकडचाच हात चार ओळी एकटा वाजतो. तिथे ते अडखळतील असं मला वाटलं. अडखळले नाहीत. मग बाई परत आल्या आणि दोघांनी मिळून शेवट केला.

टाळ्या संपल्यावर, पडद्यामागे, बाईंनी भावाची दोन्ही मनगटं धरली.

"तुला कधी कळलं?"

"पेला पांढरी पाच होता, ताई."

"आणि तू बरोबर म्हणालास!" त्यांचा आवाज फुटला. "दानी, तुझे हाल झाले असतील रे. मला माहीत आहे काय होतं ते. मला सगळं माहीत आहे. मी तुला हे करू दिलं नसतं."

"कसले हाल?" सरांनी मान तिरकी केली आणि कानातून कापसाचा बोळा ओढून काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा. "हे बघ. मी ऐकलंच नाही. एक अक्षर ऐकू आलं नाही. बोटं आपली वाजवत होती."

बाई बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "लबाडा! म्हणजे आईचं मी एकटीनंच ऐकलं?"

"तू सांग मला, कसं झालं."

"तसंच," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच होतं, दानी. पहिल्या ओळीपासून. मागे आई पोळ्या लाटत होती."

"मग झालं तर," सर म्हणाले, आणि कापसाचे बोळे शेजारच्या टेबलावर ठेवून लोकांना भेटायला बाहेर गेले. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या, त्यांच्या कोटाची बाही धरून.

नाताळ करून बाई व्हिएन्नाला परतल्या. त्यानंतर त्यांनी पियानो वाजवला नाही आणि त्याच्याबद्दल कधी हळहळल्याही नाहीत, असं सर सांगायचे. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या, आणि दिवाळीआधी सरही.

ते दोन बोळे त्या रात्री मी उचलले होते. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत कानाच्या आकाराचा रबरी साचा असतो. त्याच्या आत, पडद्याच्या जागी, माइक बसवलेला असतो. मी तो एका पियानोच्या बाकावर, वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला. एका मित्राला संथ काहीतरी वाजवायला सांगितलं. आधी कानात काही न घालता मोजलं, मग तेच बोळे तसेच घालून मोजलं. शेजारी बसून दोन माणसं बोलतात, तो आवाज साठ डेसिबल असतो.

कापसाशिवाय अठ्ठ्याऐंशी डेसिबल. कापूस घालून एक्क्याऐंशी.